सुधारित प्रत

पारव्याच्या फाट्याला माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, जातीचा दाखला, लग्नपत्रिकेचा मजकूर,
आणि दर नोव्हेंबरात
आश्रमशाळेच्या कोरेटी मॅडमचा एक कागद :
बर्फावर फळीनं घसरायला शिकणाऱ्या मुलींसाठी
सूचना व सामान.

बर्फ मी पाहिला तो रसवंतीतला,
भुशात लोळलेला, गोणपाटाखालचा,
सळीनं फोडून ग्लासात टाकायचा.
त्यावर कोणी उभं राहतं
हे मला या कागदानं सांगितलं.

चार पोरी जातात वरती, उत्तरेला, पंधरा दिवस.
येतात तेव्हा नाकाचं साल निघालेलं
आणि कागदावर निळ्या पेनाची काटछाट.
मॅडम म्हणतात, मागच्या वर्षीचा काढा ठमकेभाऊ,
थोडंसंच बदलायचंय.

थोडंसं म्हणजे,
बूट एक नंबर मोठा, आत दोन मोजे : हे खोडा.
मोजा एकच, लोकरीचा. बूट मापाचा,
अंगठा टेकावा, दुमडू नये.
फळी हनुवटीइतकी : हेही खोडा.
फळीला उंची कळत नाही, वजन कळतं.
हे वाक्य प्रणोती टेकाम, नववी ब, हिचं.
मी त्यातला कानामात्रा हलवला नाही.

कोणता पाय पुढे?
पंपाजवळच्या शेवाळावर पळत जा, घसरा,
न विचारता पुढे जाईल तो तुमचा.

सुती बनियन नको.
इथे मी थांबलो.
दुकानासमोर जिनिंगला निघालेल्या
कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांसकट,
आणि मी लिहितोय :
सुती कपडा अंगाला लावू नये,
तो घाम धरतो, मग थंडी धरतो.
एका गाडीवाल्यानं काचेतून वाचल्यासारखं केलं.
टाइप केलं. खरं ते खरं.

कोरोनाच्या आदल्या साली करिश्मा कनाके आली.
उजवा हात प्लास्टरात, डाव्या हातात माझाच कागद.
ओळ सहावी : पडताना तळहात टेकावेत.
‘भाऊ, हे तुमीच छापलं ना?’
रागानं नाही,
कंडक्टर सुटे मागतो तशी.

मीच छापलं होतं. तीन वर्षं. रुपयाला पान.

मूठ वळायची, तिनं डाव्या हातानं दाखवलं,
कोपरापर्यंतचा हात सगळा आडवा पडू द्यायचा.
मागे गेलात तर बुडावर, हनुवटी छातीशी,
आणि उठायची घाई नाही.
मधेच लाइट गेली. ती सांगतच होती.
मी कोणाच्यातरी सातबाऱ्याच्या पाठीवर
पेन्सिलनं उतरवत गेलो.

आठवड्यानं मेश्रामच्या टपरीवर
आलूबोंडा आला तो त्याच कागदात.
तेलानं आरपार झालेल्या जागी
सहावी ओळ होती त्याहून ठळक.
मी त्याची सगळी रद्दी उचलली, पैसे मोजले.
‘काहून बा, येडा झाला काय?
आपल्या गावात कोन पडते बर्फावर?’
म्हटलं, चार जणी.

तेव्हापासून वर तारीख टाकतो, मोठ्या अक्षरात.
खाली : पुढच्या नोव्हेंबरपर्यंतच.
जुन्या ओळी पुसत नाही,
त्यांची वेगळी फाइल आहे, नाव ‘चुकलेलं’,
नव्या फाइलीपेक्षा लांब.

यंदा मॅडम आल्या नाहीत, बदली झाली भामरागडला.
करिश्माच आली. आता तीच घेऊन जाते पोरींना.
नवी ओळ आणली :
हेल्मेटला एकदा जबर मार बसला की बदलायचं,
वरून धड दिसलं तरी.
‘का पण?’
‘आतून चेपते थे, भाऊ. दिसत नाई.’
टाइप केलं.

गरम प्रिंट तिनं हातात घेतली,
उभ्या उभ्या वाचली, पहिल्यापासून,
मनगट जरा फिरवलं, सवयीनं,
आणि पेन मागितलं.